व्हिएतनामची नोकरी आणि पत्रातल्या दोन ओळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

साताऱ्याचे एक वाचक लिहितात. वय ३९. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग. पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, हातात महिना १ लाख ४५ हजार. घर साताऱ्यात. सोमवारी पहाटे पाचच्या स्वारगेट विनाथांबा गाडीने जायचं, शुक्रवारी रात्री परत. कोरोनात दीड वर्ष घरून काम केलं. 'ते दिवस आयुष्यातले सगळ्यात चांगले' असं ते म्हणतात. गेली दोन वर्षं दर शनिवारी सकाळी कोरेगावजवळच्या एका गावात नववी-दहावीच्या मुलांना मोफत इंग्रजी बोलायला शिकवतात. त्यातूनच हेच काम पूर्णवेळ आणि परदेशात करावं, असं मनाने घेतलं. टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला. आता व्हिएतनामच्या दा नांग शहरातल्या एका इंग्रजीच्या क्लासकडून वर्षभराची नोकरी चालून आली आहे. पगार ३ कोटी डोंग, म्हणजे महिना साधारण १ लाख रुपये. मधला एजंट ९० हजार मागतो आणि म्हणतो, 'टुरिस्ट व्हिसावर जा, कागद तिकडे होतील.' तीन आठवड्यांत कळवायचं आहे. घरकर्जाचा हप्ता ३८ हजार, अजून नऊ वर्षं. वडील एसटीतून निवृत्त वाहक. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, खर्च कंपनीच्या विम्यातून निघाला. मुलगी सहावीत. पत्नी २०११ पासून अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या शिक्षिका. त्यांचे प्रश्न दोन: 'पंचेचाळीस हजार कमी मिळाले तर काय बिघडलं, की चाळिशीत हा वेडेपणा आहे?' आणि 'वडिलांना कसं सांगू?'

उत्तर:

नमस्कार,

वेडेपणा आहे का, याचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्थेचं बिऱ्हाड १९२४ मध्ये काल्याहून ज्या गावात आणलं, त्या गावात 'चांगली नोकरी सोडून शिकवायला कसला जातोस' असं कुणी म्हणावं याचंच मला आश्चर्य वाटेल. (म्हणतात, हे मला माहीत आहे.) तुमच्या इच्छेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हिशोबाबद्दल. चार पानांच्या पत्रात दा नांगचा समुद्रकिनारा दोनदा आला आहे, हिंजवडीचा ट्रॅफिक तीनदा, आणि पैशाचा आकडा एकच: पंचेचाळीस हजार. तो आकडा चुकला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तुम्ही पगारातून पगार वजा केला. घराच्या बाजूने वजाबाकी करून बघा. पुण्यातली खोली, मेस, बस धरून तुमच्यावर आता वीस-पंचवीस हजार जात असतील. उरलेले लाख-सव्वा लाख घराचे. दा नांगला एका खोलीच्या बऱ्या फ्लॅटला पंचवीस-तीस हजार भाडं धरा. जेवण, स्कूटर, फोन, वर्षातून एकदा विमानाने येणं-जाणं, हेही धरा. हे एक लाख कर कापून हातात पडणारे की करारावरचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलेलंही नाही. व्हिएतनाममध्ये वर्षातले १८३ दिवस किंवा अधिक राहणाऱ्याला ५ ते ३५ टक्क्यांपर्यंत टप्प्यांचा कर लागतो, त्याहून कमी राहणाऱ्याला पगारावर सरसकट २० टक्के. शिवाय तिकडच्या नववर्षाला, टेटला, सगळं बंद असतं. तासावर पैसे मिळणाऱ्या शिक्षकाची ती सुट्टी बिनपगारी जाते. कितीही हात आखडला तरी महिन्याला चाळीस हजारांच्या वर घरी येईल असं मला वाटत नाही. त्यातले अडतीस बँकेचे. म्हणजे घराला झळ लागणार ती ऐंशीची, पंचेचाळीसची नाही. आणि यात कंपनी तुमच्या पीएफमध्ये भरते ते पैसे मी धरलेच नाहीत.

त्यात वडिलांचा विमा. तुमचा राजीनामा मंजूर होऊन शेवटचा दिवस भरला की कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून आई-वडीलही बाहेर पडतात. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते आणि आधी भरलेली वर्षं त्यात मोजली जातात, पण हे नोकरीत असतानाच मागावं लागतं. नोकरी सोडून मग धावाधाव केलीत तर हातात काही राहत नाही. दा नांगला जा किंवा जाऊ नका, हप्ता किती बसतो हे एचआरकडून आणि विमा कंपनीकडून या महिन्यातच लेखी घ्या. उद्या कंपनीनेच नारळ दिला तरीही ते कामाला येईल.

आता शनिवारचा वर्ग. तुमच्या पत्रातला तो सगळ्यात जिवंत भाग. ज्या मुलीला 'आय डिडन्ट वेन्ट' सुटत नव्हतं, तिला तुम्ही समजावलंत की भूतकाळ 'डिड'ने आधीच उचललाय, मग 'गो'च्या डोक्यावर परत कशाला ठेवायचा. ती हसली आणि तिला कायमचं कळलं. वाचून मलाही छान वाटलं. पण तुम्ही हे समजावलंत कशात? मराठीत. वर्गात कोण होतं? पंधरा वर्षांची, आपणहून आलेली, तुम्हाला सर म्हणणारी मुलं. फी नाही, म्हणून पालकांची तक्रार नाही, आणि महिनाअखेरीला कुणाला प्रगतीचा तक्ता द्यायचा नाही.

दा नांगचा वर्ग असा नसेल. तिकडच्या खाजगी क्लासमध्ये मोठा भरणा लहान मुलांचा असतो. पाच-सहा वर्षांची पंधरा मुलं, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना तुमची. हातात चित्रांची कार्डं, भिंतीवर स्क्रीन, शेजारी एक व्हिएतनामी मदतनीस. 'यस्टरडे' म्हणजे काय हे सांगायला तुम्ही फळ्यावर सूर्य काढणार, चंद्र काढणार, परत सूर्य काढणार, मग मागच्या सूर्याकडे बोट दाखवणार, आणि तोपर्यंत तिसऱ्या बाकावरचा पोरगा टेबलाखाली गेलेला असणार. काही माणसांना यात विलक्षण मजा येते. तुम्हालाही येईल कदाचित. पण तुम्हाला जे आवडतं ते हेच आहे, असं तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही.

आणि वेळा. मुलांची रोजची शाळा दिवसा असते, म्हणून असे क्लास भरतात ते संध्याकाळी साडेपाच ते नऊ आणि शनिवार-रविवार जवळजवळ दिवसभर. ज्या शनिवारवर तुम्ही इतकं प्रेमाने लिहिलंय, तो शनिवार जाणार. तुम्ही मोकळे असाल सोमवारी सकाळी, जेव्हा साताऱ्यात लेक शाळेत असेल आणि तिची आई दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत असेल. व्हिडिओ कॉल करायचा तर संध्याकाळी तुमचा तास संपेपर्यंत तिकडे साडेनऊ, इकडे आठ. जमेल, पण जमवावं लागेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: 'ते दिवस आयुष्यातले सगळ्यात चांगले.' त्या दीड वर्षात तुमचं काम कोणतं होतं? हेच. साहेब तेच, मीटिंगा त्याच, सॉफ्टवेअरही तेच निरर्थक, तुमच्याच शब्दांत सांगायचं तर. बदललं होतं एवढंच की सोमवारी पहाटे स्टँडवर उभं राहावं लागत नव्हतं, खंबाटकीत अडकावं लागत नव्हतं आणि रात्री जेवायला चौघं-पाच जणं एका ठिकाणी होती. तरी निष्कर्ष तुम्ही असा काढलात की काम बदलायला हवं. मला तर वाटतं तुम्हाला घर हवं आहे, आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही घरापासून साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर लांबची नोकरी शोधली आहे. हे चुकीचं असेल तर मला खोडून काढा. पण खोडताना समुद्रकिनाऱ्याची मदत घेऊ नका.

महिना पंचेचाळीस हजार सोडायची तुमची तयारी आहे. मग ती रक्कम आधी साताऱ्यात खर्चून बघा ना. लाखभर पगाराची, पूर्ण घरून करायची नोकरी शोधा. पंधरा वर्षांच्या अनुभवावर ती मिळणं सोपं नाही, पण अशक्यही नाही. नाहीतर आताच्याच कंपनीत आठवड्यातले तीन दिवस घरून मागा आणि त्या बदल्यात पुढची बढती सोडा. हे तुम्ही मागितलंय का, याचा पत्रात उल्लेख नाही. माणसं राजीनामा द्यायला तयार होतात, पण साहेबाकडे तीन दिवस मागायला लाजतात, हे मी या सदरात वारंवार पाहिलं आहे.

शिकवण्याबद्दलही तेच. तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी दा नांगच्या क्लासला नको आहे आणि इथे हवी आहे. कराडला १९६० पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आजूबाजूला खाजगी कॉलेजं आहेत, आणि त्यांतली मराठी माध्यमातून आलेली मुलं तांत्रिक फेरी पार करून मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला गप्प बसतात. हे का होतं आणि समोरचा नेमकं काय ऐकू इच्छितो, हे तुम्ही दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिलंय. ही मुलं तुमच्या शनिवारच्या मुलांचीच मोठी भावंडं आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, फी घेऊन, वर्षभर शिकवा. मोफत शिकवण्यात आणि पैसे घेऊन शिकवण्यात मोठा फरक असतो. फी भरलेला मुलगा कंटाळला की तसं दाखवतो. तो कंटाळा झेलूनही वर्गात जावंसं वाटलं, तर शिकवणं हे तुमचं काम आहे असं म्हणता येईल.

आता त्या दोन ओळींकडे येते. पत्रात पत्नीबद्दल तुम्ही लिहिलंय: 'बायको नाही म्हणत नाही. तिची नोकरी कायम आहे, त्यामुळे घराची तशी काळजी नाही.' बस. चार पानांत एवढंच. नाही म्हणत नाहीत, मग काय म्हणतात?

साताऱ्याला घरटी एक माणूस बाहेर असायची जुनी सवय आहे. मिलिटरी अपशिंग्याचे फौजी असोत की जावळी-पाटणहून मुंबईला गेलेले माथाडी, मागे शेत, सासू-सासऱ्यांची दुखणी, पोरांच्या शाळा आणि सोसायटीचं कर्ज बाईनेच ओढलं. त्या पुरुषांना दुसरा इलाज नव्हता, आणि ते पैसे मिळवायला गेले. तुम्ही पैसे कमी करायला निघाला आहात, आणि मागे उरणारं ओझं तेच आहे. तुमच्या समाधानाची किंमत पत्नीच्या पगारातून जाणार आहे, हे त्यांना आकड्यांसकट सांगितलंय का? वरचा ऐंशीचा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि मग विचारा. 'जाऊ का?' असं विचारू नका, त्याला त्या परत 'बघा तुम्ही' म्हणतील. 'हा विम्याचा हप्ता, ही औषधं, ही शाळा, हे सगळं तुझ्या पगारातून वर्षभर निघेल का, आणि तू ते का काढावंस?' असं विचारा. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा.

दुसरं असं, जे तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही: तुमच्या घरात परदेशात इंग्रजी शिकवायला सगळ्यात पात्र माणूस तुम्ही नाही, तुमच्या पत्नी आहेत. माध्यमिकला लागायचं म्हणजे बी.एड. आलंच. २०११ ला लागल्या म्हणजे तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली असणार, आणि २०१२ च्या मे महिन्यात भरती बंद व्हायच्या आत आत शिरल्या. त्यांच्या मागून आलेल्या किती मुलींनी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल करत उमेदीची वर्षं घालवली, ते त्यांना विचारा. म्हणून कायम नोकरीची किंमत त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. आखाती देशांत सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, त्या बी.एड. आणि अनुभव बघूनच घेतात. मालदीवच्या शाळांत भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं जात आले आहेत. या वाटांवर तुमच्या १२० तासांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटला फारसं कुणी विचारणार नाही. त्यांच्या चौदा-पंधरा वर्षांना विचारतील. कुटुंबाने मिळून परदेशी राहायचंच असेल, तर नोकरी त्यांना आणि 'अवलंबित' हा शिक्का तुमच्या व्हिसावर, अशीही मांडणी होऊ शकते. ती मांडणी वाचून थोडं कसंसं झालं का? झालं असेल तर त्यावर विचार करा, कारण दा नांगला त्यांनी तुमच्याबरोबर यायचं ठरवलं तर त्यांची स्थिती नेमकी तीच होईल: राहायची परवानगी मिळेल, कामाची वेगळी काढावी लागेल. लेकीची शाळा हा आणखी वेगळा प्रश्न. तिकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी वर्षाला दहा लाखांच्या पुढे सहज जाते.

एक छोटी सूचना, पैसे न लागणारी. येत्या शनिवारी पत्नीला तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसवा आणि घरी येताना खरं सांगायला सांगा. दोन वर्षांत तुमचा तास कुणीही जाणत्या माणसाने पाहिलेला नाही. पूर्ण ऑनलाइन टेफल कोर्समध्ये बहुधा तेच राहून जातं. केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये किमान १२० तास असतात आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, परीक्षक वही घेऊन मागे बसलेला असतो. तो आता ऑनलाइनही करता येतो, पण महाग आहे, लाखाच्या घरात. आधी घरच्या परीक्षकाचं मत घ्या. नुसतं शिकवण्याचं शास्त्र समजून घ्यायचं असेल तर इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा सर्टिफिकेट कोर्स त्या मानाने स्वस्तात होतो.

परदेशाबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण हे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. 'परदेशात इंग्रजी शिकवणं' या नावाखाली इंटरनेटवर जे हसरे फोटो दिसतात, ते बहुतेक अमेरिकन-ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे असतात. दक्षिण कोरियाचा नेहमीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवायच्या नेहमीच्या व्हिसासाठी किमान बारा वर्षं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं; मराठी शाळेत शिकलेल्याला ते दार तिथेच बंद. चीनने जुलै २०२१ मध्ये खाजगी शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि तिथला बाजार बसला. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्याकडे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेतले ६०० गुण मागतात. व्हिएतनाममध्ये पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि आपल्यासारख्यांना इंग्रजीचा सी-१ (प्रगत) पातळीचा दाखला लागतो, म्हणजे आयेल्ट्समध्ये साधारण ७ किंवा वर. ती परीक्षा तुम्ही दिल्याचं लिहिलेलं नाही. हे सगळं असूनही जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह' लिहिलेलं दिसेल, अर्जाला फोटो मागतील आणि त्याच कामाचे गोऱ्या माणसाला जास्त देतील. राग येण्यासारखं आहे. तरी अनेक भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक तिथे उत्तम काम करतात. फक्त हे माहीत असून जाणं वेगळं आणि तिथे जाऊन कळणं वेगळं.

एजंटला एक पैसाही देऊ नका. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट संकेतस्थळावर यादी आहे, नाव शोधा. नोंदणीकृत एजंटनेही सेवेचे जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी घ्यायचा असतो. हा ९० मागतोय. 'टुरिस्ट व्हिसावर जा' हे तर सरळ बेकायदा काम करायला सांगणं झालं. तिथे पगार अडवला तर तक्रार कुठे करणार? तक्रार केली की आधी तुमचाच व्हिसा तपासतील. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली म्यानमार-कंबोडियातल्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांवर नेलेल्या भारतीय मुलांची सुरुवातही अशीच झाली होती. सरकार २०२२ पासून त्याबद्दल इशारे देत आहे. तुमचा दा नांगचा क्लास खरा असेलही. खरा असेल तर थेट त्यांना ईमेल करा आणि विचारा: वर्क परमिटचा अर्ज तुम्ही करणार का, मी भारत सोडायच्या आधी त्याची सुरुवात होईल का, पगार कर कापून किती, आठवड्याचे शिकवण्याचे तास किती आणि तयारीचे पैसे मिळतात का, टेटची सुट्टी पगारी का, मुदतीआधी सोडलं तर दंड काय. ज्याला रीतसर माणूस हवा आहे तो दोन दिवसांत उत्तर देतो. उत्तराऐवजी एजंटचा फोन आला तर समजून जा.

ही तीन आठवड्यांची घाईही अंगावर घेऊ नका. अशा क्लासना वर्षभर शिक्षक लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिघं मिळून आठ दिवस दा नांग पाहून या, पर्यटक म्हणून, रीतसर ई-व्हिसा काढून. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं आहेत, पुढे दा नांगला देशांतर्गत. त्या क्लासच्या दारात रविवारी संध्याकाळी सातला उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्या शिक्षकांचे चेहरे बघा, जमलं तर एखाद्याला कॉफी पाजा. खर्च होईल, पण एजंटच्या नव्वद हजारांपेक्षा तो सत्कारणी लागेल.

जे वाचक पंचविशीत आहेत, अंगावर कर्ज नाही, घरचं कुणी आपल्या पगारावर नाही, त्यांना मी एवढं अडवणार नाही. आयेल्ट्स द्या, बरा कोर्स करा, परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवा, वर्क परमिट हातात घ्या आणि एक वर्ष जाऊन या. परत आल्यावर 'मधलं वर्ष काय केलं' विचारतील. पंधरा पोरांना परक्या भाषेत शांत बसवलं, हे उत्तर वाईट नाही. आणि ज्या शिक्षिका हे वाचताहेत त्यांनी राजीनाम्याचा विचार करण्याआधी असाधारण रजा मिळते का, किती आणि कोणत्या अटींवर, हे संस्थेकडून लेखी विचारावं. स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर जाऊ नये.

राहिला वडिलांचा प्रश्न. तुम्हाला वाटतंय की पगार कमी घेऊन शिकवायला जाणं त्यांना पटणार नाही. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाने एसटीत मुक्कामी गाड्या केल्या, कुठल्या कुठल्या गावात गाडीत झोपून सकाळची पहिली फेरी मारली, त्याला कामासाठी घराबाहेर राहणं कुणी समजावून सांगायला नको. त्यांना धास्ती बसेल ती 'परत छातीत दुखलं तर' याची, आणि ते तसं बोलून दाखवणार नाहीत. 'लोक काय म्हणतील' असं काहीतरी बोलतील. म्हणून त्यांच्याकडे विम्याचा कागद हातात घेऊनच जा, आणि पत्नीशी आकड्यांचं बोलणं पूर्ण झाल्यावरच जा. दोघांनी मिळून सांगा.

लेकीला मात्र काही पक्कं होईपर्यंत बोलू नका. ती आईच्याच शाळेत असेल तर पहिल्या सुट्टीच्या आत सगळ्या स्टाफरूमला कळलेलं असेल, आणि मग तुमच्या पत्नीला जे उत्तर तुम्हाला अजून द्यायचं आहे, ते मुख्याध्यापकांना द्यावं लागेल.